सुख हे सदाचाराचे वेतन आहे काय?

धर्म आणि सुख यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न मराठी वैचारिक लेखनात निघाला की वाद बहुधा दोन मळलेल्या वाटांनी जातो. एका बाजूचे म्हणणे असे, की माणसाचे सुख हे नीतीचे प्रयोजन असू शकते ही कल्पना इंग्लंडात बेंथॅम आणि मिल यांच्यासारख्या उपयुक्ततावादी, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचे सुख हीच नीतीची कसोटी मानणाऱ्या, इहवाद्यांनी आणली. त्यांच्याआधी तिथल्या चर्चजवळ पाप, पश्चात्ताप आणि नरकाची भीती यांखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. दुसरी बाजू हेच चित्र जसेच्या तसे स्वीकारते आणि त्यातून उलटा निष्कर्ष काढते: श्रेय आणि प्रेय यांचा विवेक पाश्चात्त्यांना कधी साधलाच नाही, म्हणून धर्माची पकड ढिली होताच त्यांच्या नीतिशास्त्राचा भोगवाद झाला. दोन्ही पक्ष आवेशाने भांडतात, परंतु ज्या इतिहासाच्या आधारे ते भांडतात तो दोघांनीही तपासलेला नसतो. चर्चची सद्दी संपल्यावर सुखाचा विचार इंग्लंडात शिरला, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, मानवी सुख हा चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांचा आणि बिशपांचा जिव्हाळ्याचा विषय होता. माणूस स्वभावतःच सुख शोधतो आणि तसे शोधण्यात पाप नाही, याबद्दल त्यांच्यातल्या विचारी मंडळींत फारसे दुमत नव्हते. दुमत होते ते पुढच्या प्रश्नावर: सुख हे चांगल्या जगण्याचे अंगच आहे, की चांगले वागल्याबद्दल मिळणारे वेतन? माझे मत असे, की पहिले उत्तर देणारे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, विचारवंत नीतीच्या प्रश्नाला खरोखर भिडले होते, आणि दुसरे उत्तर देणारे, त्यांची पुस्तके कितीही खपली तरी, नीतीला हिशेबाच्या वहीत उतरवून मोकळे झाले. ज्या उपयुक्ततावादाला आपण चर्चविरोधी समजतो, त्याचा मोठा भाग या दुसऱ्या, अस्सल पाद्री घराण्यातलाच आहे.

रिचर्ड हूकरपासून सुरुवात केलेली बरी. १५८५ मध्ये तो लंडनच्या टेंपल चर्चचा प्रमुख झाला. तिथे सकाळचे प्रवचन त्याचे आणि दुपारचे वॉल्टर ट्रॅव्हर्स या कडव्या प्युरिटनाचे असे. सकाळी कँटरबरी, म्हणजे इंग्लिश चर्चचे मुख्य पीठ, बोलते आणि दुपारी जिनिव्हा, म्हणजे कॅल्विन या कडक धर्मसुधारकाचे शहर, असे त्या दोघांविषयी म्हटले जाई. पूजाविधी आणि चर्चचा कारभार यांत बायबलबाहेरचे काहीही चालणार नाही, हा ट्रॅव्हर्सच्या पक्षाचा हट्ट होता. त्याला उत्तर म्हणून हूकरने जो विस्तीर्ण ग्रंथ लिहायला घेतला, त्या ‘लॉज ऑफ एक्लेझिॲस्टिकल पॉलिटी’च्या पहिल्या खंडात चर्चच्या कारभारापेक्षा विश्वातल्या नियमांचा आणि माणसाच्या इच्छेचाच विचार अधिक आहे. या जगात सुखी जीवन जगावे असे सर्वांनाच वाटते, आणि ज्या जीवनात सगळे सद्गुण विनाअडथळा आचरता येतात ते सर्वांत सुखी जीवन, असे त्याने तिथे स्वच्छ लिहिले आहे. सद्गुणांचे आचरण केले की नंतर कोणीतरी सुख देतो असे हूकर म्हणत नाही. त्या मोकळ्या आचरणालाच तो सुख समजतो. यामागे ॲरिस्टॉटल आणि थॉमस ॲक्विनस उभे आहेत हे उघड आहे. मग यात ख्रिस्ती असे काय उरले, असा आक्षेप घेता येईल. हूकरचे उत्तर असे, की माणूस शरीराच्या तृप्तीवर थांबत नाही आणि बुद्धीच्या तृप्तीवरही थांबत नाही. आपण नेमके काय शोधतो आहोत हे त्याला सांगता येत नाही, तरी त्या अनामिकाच्या ओढीने तो ओळखीची सुखे बाजूला सारतो. ही ओढ निसर्गाने उगीच दिली नसावी, आणि तिचे समाधान ईश्वराखेरीज कशात नाही, असे तो मानतो. आपण ईश्वर मानो वा न मानो, माणसाच्या इच्छेचे हे निरीक्षण खोटे आहे असे कोण म्हणेल?

हूकरच्या या विवेचनातला एक भाग सहसा कोणी उद्धृत करत नाही, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. सदाचारी जीवनासाठी आधी जीवन हवे, म्हणून सुखाच्या वाटेतला पहिला अडथळा दारिद्र्य हा आहे, असे तो सांगतो. जगण्याला लागणाऱ्या वस्तूंची वाण असली तर ती दूर होईपर्यंत माणसाच्या मनाला दुसरी कुठलीही काळजी शिवू शकत नाही. ईश्वराने आदमाला आधी निर्वाहाची सोय करून दिली आणि मग पाळायचा नियम दिला, याकडेही तो लक्ष वेधतो. अन्न आधी, आज्ञा नंतर. प्रश्न इतकाच, की हूकरच्या वारसांनी हा क्रम किती पाळला. त्याकडे पुढे यावेच लागेल.

पण आधी या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप घेऊ. चर्च ऑफ इंग्लंड म्हणजे एकटा हूकर नव्हे. १५७१ मध्ये कायम झालेल्या, चर्चचे अधिकृत मत सांगणाऱ्या ३९ कलमांत मूळ पापाचे, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असल्याचे, कलम आहे, केवळ श्रद्धेने उद्धार होतो असे सांगणारे कलम आहे, आणि काही जीवांची मुक्तीसाठी आधीच निवड झालेली आहे असे सांगणारेही आहे. रोजच्या प्रार्थनेत सामान्य माणूस ‘आमच्यात काहीही धड नाही’ अशी कबुली देत असे. १५९५ मध्ये खुद्द आर्चबिशप व्हिटगिफ्टने संमती दिलेली लँबेथची नऊ कलमे तर कॅल्विनच्या मताची कडक आवृत्ती होती. ज्या धर्मात कोणाचा उद्धार व्हायचा हे अगोदरच ठरले आहे, तिथे माणसाने सुख शोधण्याला अर्थ काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. एलिझाबेथच्या काळातले बरेचसे धर्मपंडित कॅल्विनच्याच बाजूचे होते, हूकर त्यांच्यात जरा एकटा होता. परंतु दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. लँबेथच्या कलमांना राणीने अधिकृत होऊ दिले नाही, आणि चर्चच्या मताची कडा तिथे मोकळीच राहिली. दुसरे असे, की निवडीचे ते सतरावे कलमसुद्धा सश्रद्ध माणसाला त्या विचारापासून गोड आणि अवर्णनीय दिलासा मिळतो असे सांगते. म्हणजे निवडीच्या सिद्धान्तालाही माणसाच्या मनाच्या सुखाची साक्ष काढावीशी वाटली. कृपा निसर्गाला मोडत नाही, पूर्ण करते, ही भूमिका या चर्चमध्ये टिकून राहू शकली ती अशा फटींमुळे.

सुखाची बाजू घेणारे सगळेच शहाणे होते, असे मात्र समजू नये. पहिल्या जेम्स राजाने १६१८ मध्ये जे फर्मान काढले आणि पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये पुन्हा जारी केले, ते ‘बुक ऑफ स्पोर्ट्स’ म्हणून ओळखले जाते. रविवारची प्रार्थना आटोपल्यावर लोकांनी नाचावे, तिरंदाजी करावी, उड्या माराव्यात, मे महिन्याच्या खांबाभोवती खेळ करावेत, याला त्यात मुभा होती. अस्वलांवर आणि बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळाला नव्हती. प्युरिटनांनी रविवार सुतकी करून टाकला आहे, गरिबाला मोकळा दिवस तेवढाच, असा राजाचा युक्तिवाद होता, आणि तो वाजवी होता. पण चार्ल्सने हे फर्मान प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवण्याची सक्ती केली आणि ज्यांनी नकार दिला त्या पाद्र्यांवर कारवाई झाली. आनंदाची सवलत देताना सदसद्विवेकबुद्धी मोडायची, हा कुठला आनंद? पार्लमेंटने १६४३ मध्ये हे पुस्तक जाहीररीत्या जाळायला लावले आणि १६४७ मध्ये नाताळचा सणच रद्द केला, तेव्हा कँटरबरीत दंगल उसळली. एका पक्षाने हसण्याचा हुकूम काढला, दुसऱ्याने न हसण्याचा. दोघांच्याही लेखी सुख म्हणजे बाहेरून घडवता येणारे वर्तन होते, आणि या भांडणात हूकरचा प्रश्न कुठल्या कुठे हरवला.

तो परत सापडला पराभूतांच्या छावणीत. जेरेमी टेलर हा राजाच्या बाजूचा पाद्री राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात १६४५ मध्ये कार्डिगनजवळ पकडला गेला, त्याचे उत्पन्न गेले, आणि पुढची बरीच वर्षे त्याने वेल्समधल्या गोल्डन ग्रोव्ह या वाड्यात एका उमरावाच्या आश्रयाने काढली. तिथे लिहिलेल्या ‘होली लिव्हिंग’ या १६५० मधल्या ग्रंथात संतोषावर एक प्रकरण आहे. माझे सगळे काही जप्ती करणाऱ्यांनी नेले, मग आता काय, असे विचारून तो उरलेल्या गोष्टी मोजू लागतो: सूर्य आणि चंद्र, अग्नी आणि पाणी, प्रेमळ पत्नी, कीव करणारे पुष्कळ मित्र आणि मदत करणारे काही, शिवाय माझा हसरा चेहरा, प्रसन्न वृत्ती आणि स्वच्छ मन हे मीच टाकून दिल्याशिवाय कोणाला नेता येणार नाही. हा उपदेश दुसऱ्याच्या दारिद्र्यावर केलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. आपली रसिक मंडळी टेलरला गद्यशैलीकार म्हणून ओळखतात, मात्र विचारांत तो शैलीपेक्षा कठोर आहे. जन्मभर मनमानी करून मरणशय्येवर पश्चात्ताप केला की खाते चुकते होते, या समजुतीवर तो तुटून पडला. कारण उघड आहे. पुण्य हे जर घडत जाणाऱ्या स्वभावाचे नाव असेल, तर ते शेवटच्या घटकेला एकरकमी कसे भरता येईल? मूळ पापाविषयीची त्याची सौम्य मते त्याच्याच पक्षाच्या बिशपांना खटकली ती याच सुमारास.

केंब्रिजमध्ये बेंजामिन व्हिचकोट हेच अधिक शांतपणे सांगत होता. किंग्ज कॉलेजच्या प्रमुखपदावरून ज्याला काढून त्याला नेमले गेले, त्या माणसाला तो आपल्या वेतनातला वाटा देत राहिला. त्याच्या तत्त्वज्ञानावर ही चांगली टीप आहे. १६५१ मध्ये त्याचे गुरू अँथनी टकनी यांनी, तू बुद्धीला फार मान देतोस, अशी तक्रार करणारी पत्रे लिहिली. माणसाचा आत्मा हा परमेश्वराचा दिवा आहे, या बायबलमधल्याच वचनाचा व्हिचकोटला मोठा आधार वाटे. स्वर्ग ही आधी मनाची घडण आहे, स्थान नंतर, असे त्याचे एक प्रसिद्ध वाक्य आहे. ते जर खरे असेल तर दुष्ट माणसाला स्वर्गात नेऊन बसवले तरी तो तिथे सुखी होणार नाही, आणि मग स्वर्गाला बक्षीस म्हणण्यातच अर्थ उरत नाही. वेतनाच्या कल्पनेवर यापेक्षा नेमका घाव दुसऱ्या कोणी घातल्याचे मला आठवत नाही.

आणि तरीही त्याच व्हिचकोटच्या अंत्यविधीचे प्रवचन ज्याने केले, तो जॉन टिलॉटसन या गोष्टीला नेमके उलटे वळण देणारा निघाला. १६९१ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या टिलॉटसनची प्रवचने त्या काळी सर्वाधिक वाचली गेली. खेड्यापाड्यांतले पाद्री ती समोर ठेवूनच बोलत. ईश्वराच्या आज्ञा जाचक नाहीत, या त्याच्या गाजलेल्या प्रवचनाचा सूर असा, की धर्म पाळणे हे आरोग्याला, नावलौकिकाला आणि मनःशांतीला हितकारक आहे, आणि परलोकातला लाभ जमेस धरला तर हा सौदा नाकारणे निव्वळ मूर्खपणा ठरेल. यादवीत धर्माच्या नावाने माणसे कापली गेल्यानंतर असे समंजस, थंड डोक्याचे बोलणे लोकांना किती दिलासादायक वाटले असेल, याची कल्पना करता येते, आणि टिलॉटसनच्या श्रेयात ते टाकायलाच हवे. नरकाच्या शाश्वत यातनांबद्दलही त्याने १६९० मध्ये राणीसमोर मोठ्या धिटाईने सांगितले, की वचन दिले तर ते पाळावे लागते, पण धमकी दिली म्हणजे ती अमलात आणलीच पाहिजे असे नाही. मात्र सौद्याची भाषा एकदा व्यासपीठावर आली की ती तिथून उतरत नाही. पुढे जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मजागृतीच्या प्रचारकाने टिलॉटसनला खऱ्या ख्रिस्ती धर्माचे ज्ञान मोहम्मदापेक्षा अधिक नव्हते, असा तडाखा दिला. त्या शेऱ्यातला द्वेष सोडून द्यावा, पण तो पोकळ नव्हता. लाभासाठी सदाचार पाळणाऱ्याला अधिक लाभ दुसरीकडे दिसला तर तुम्ही त्याला कशाने अडवणार?

तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने हाच प्रश्न १६५१ मध्ये अधिक धारदार करून ठेवला होता. जुन्या नीतिशास्त्रज्ञांचे ‘परम श्रेय’ वगैरे काही नसते, सुख म्हणजे एका इच्छेकडून दुसऱ्या इच्छेकडे अखंड होणारी वाटचाल, असे ‘लेव्हायथन’ सांगतो. चरित्रकार जॉन ऑब्रीने हॉब्जची एक आठवण नोंदवली आहे. स्ट्रँड या रस्त्यावर हॉब्जने एका जर्जर म्हाताऱ्या भिकाऱ्याला सहा पेन्स दिले. शेजारी उभ्या असलेल्या पाद्र्याने विचारले, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असते का? हॉब्ज म्हणाला, होय. त्याचे हाल पाहून मला यातना होत होत्या, त्याला आराम मिळाला तसा मलाही मिळाला. वरवर पाहता हॉब्ज जिंकला: दया हासुद्धा स्वार्थच.

या युक्तिवादाची शकले केली ती जोसेफ बटलर या पाद्र्याने. लंडनमधल्या रोल्स चॅपेलमध्ये दिलेली त्याची १५ प्रवचने १७२६ मध्ये प्रसिद्ध झाली. हूकरच्या टेंपल चर्चप्रमाणे श्रोते इथेही वकीलच होते, आणि प्रवचनांची वीण तशीच घट्ट आहे. बटलर म्हणतो, भूक लागते ती अन्नाची. अन्न खाण्यापासून होणाऱ्या सुखाची भूक कोणाला लागत नाही. आधी अन्नाची ओढ असते, म्हणूनच ते मिळाल्यावर सुख होते. सन्मान, मैत्री, सूड, दुसऱ्याचे कल्याण, या साऱ्या ओढी अशाच आपापल्या विषयाकडे धावतात. स्वतःच्या सुखाची काळजी घेणारी वृत्ती माणसात आहेच, पण या विशिष्ट ओढी नसतील तर त्या वृत्तीला सुख मिळवायचे कशातून? मग परोपकाराचे स्वहिताशी जेवढे वैर आहे तेवढेच भुकेचे किंवा मानाच्या हव्यासाचेही आहे, म्हणजे मुळीच नाही. आता हॉब्जचा भिकारी पुन्हा पाहावा. म्हाताऱ्याच्या हालांनी हॉब्जला यातना झाल्याच का? त्याला त्या म्हाताऱ्याची काहीच पर्वा नसती तर सहा पेन्स देऊन शमवण्याजोगी वेदना उत्पन्नच झाली नसती. त्याला मिळालेला आराम हा दयेचा परिणाम आहे, हेतू नव्हे. बटलरने हा प्रसंग वापरलेला नाही, परंतु त्याचे तर्कशास्त्र इथे तंतोतंत लागू पडते. टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील आधिभौतिक सुखवादाच्या प्रकरणामुळे हॉब्जचे हे मत मराठी वाचकाला परिचित आहे, आणि तिथे बटलरचाही निर्देश येतो, मात्र टिळकांचा खरा सामना एकोणिसाव्या शतकाशी होता, त्यामुळे बटलर वाटेत भेटतो आणि मागे पडतो.

बटलरविरुद्ध त्याचेच एक वाक्य नेहमी पुढे केले जाते. आपण शांतपणे बसून विचार करू लागलो, तर सदाचरणाचे किंवा दुसऱ्या कोणत्याही उद्योगाचे समर्थन, तो आपल्या सुखाला पोषक आहे किंवा निदान मारक नाही अशी खात्री पटल्याखेरीज, आपल्याला करता येत नाही, असे अकराव्या प्रवचनात आहे. म्हणजे अखेर बटलरही वेतनावरच आला की! मी हे वाक्य असे वाचत नाही. ‘एवढे मान्य करू’ अशा थाटात ते येते, आणि त्याच वाक्याच्या आधीच्या अर्ध्या भागात सदाचार म्हणजे जे योग्य आहे त्याची ते योग्य म्हणूनच धरलेली ओढ, असे स्पष्ट म्हटलेले आहे. स्वार्थी श्रोत्याला त्याच्या जमिनीवर जाऊन भेटणारा वकिली पवित्रा तो आहे. तरीही बटलरने ही गाठ पूर्ण सोडवली असे मी म्हणणार नाही. सदसद्विवेकबुद्धीला जेवढा अधिकार आहे तेवढे बळ असते तर तिने जगावर निरंकुश राज्य केले असते, असे म्हणणारा हा माणूस, विवेक आणि स्वहित परलोकात तरी एकत्र येतीलच या विश्वासावर टेकलेला आहे. तो विश्वास काढून घेतला तर काय उरते, हे त्याने सांगितलेले नाही.

विल्यम पेली या पाद्र्याला मात्र अशी कोणतीही अडचण भासली नाही. १७८५ मध्ये, ज्या वर्षी जर्मन तत्त्वज्ञ कांटने सदाचाराला सुखाच्या हेतूपासून साफ तोडणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच वर्षी, पेलीचे नीती आणि राज्यशास्त्रावरचे पुस्तक निघाले आणि केंब्रिजमध्ये पाठ्यपुस्तक झाले. त्यातली व्याख्या अशी: ईश्वराच्या इच्छेला अनुसरून, चिरंतन सुखासाठी, मानवजातीचे भले करणे म्हणजे सदाचार. व्यवहारचातुर्य आणि कर्तव्य यांत फरक काय, तर पहिल्यात आपण या जगातला नफातोटा पाहतो आणि दुसऱ्यात परलोकातलाही, असे तो विनासंकोच लिहितो. वेतनाचा सिद्धान्त इतक्या प्रांजळपणे दुसऱ्या कोणी मांडला नसेल. यातला ईश्वर आणि परलोक वगळा. जास्तीत जास्त लोकांच्या सुखाचा हिशेब उरतो, आणि तो मांडायला बेंथॅमची वाट पाहावी लागली नव्हती. जॉन गे या पाद्र्याने १७३१ मध्येच त्याची रूपरेषा आखून ठेवली होती.

इथे माझ्या बाजूवरचा खरा घाव येतो. सुखाची ही सगळी चर्चा पोट भरलेल्यांची होती, असे टीकाकार म्हणतात, आणि पुरावा भरपूर आहे. समाजाच्या वेगवेगळ्या थरांत सुख बरेचसे सारखेच वाटलेले आहे, असे पेलीचे मत होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीत त्याने कष्टकऱ्यांना उद्देशून, त्यांनी समाधानी का असावे, याची कारणे देणारी पुस्तिकाही लिहिली. त्याहून भयंकर गोष्ट बार्बाडोसची. ख्रिस्टोफर कॉड्रिंग्टन १७१० मध्ये वारला आणि त्याच्या मृत्युपत्राने तिथले उसाचे मळे, गुलामांसकट, चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेकडे आले. त्या गुलामांच्या छातीवर काही काळ ‘सोसायटी’ असा डाग दिला जात असे. याच संस्थेपुढे १७३९ मध्ये प्रवचन करताना बटलर म्हणाला, की गुलामांना गुराढोरांसारखी मालमत्ता समजू नये, तीही ईश्वराची लेकरे आहेत, त्यांना धर्माचे शिक्षण द्या. त्यांना मोकळे करा, असे तो म्हणाला नाही. विवेकाला जगाचे राज्य देऊ पाहणाऱ्याच्या विवेकाला एवढे दिसू नये? उलट हिशेबी पेलीने आपल्या त्याच पुस्तकात गुलामांच्या व्यापाराचा खणखणीत धिक्कार केला. मालमत्तेवरच्या प्रकरणात त्याने धान्य टिपून एका दुबळ्या पाखरासाठी ढीग रचणाऱ्या ९९ कबुतरांचे चित्र काढले, ज्यामुळे त्याचे बिशपपद हुकले असे म्हणतात. सुख मोजायचे म्हटले की गुलामाचे दुःखही मोजावे लागते, हा हिशेबाचा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही.

पण हिशेब तिथेच थांबत नाही, ही अडचण आहे. पेलीच्या मते गुलामांची मुक्तता कायद्याने आणि हळूहळू व्हावी. कबुतरांच्या ढिगाचेही त्याने पुढच्याच पानांत समर्थन केले, कारण एकूण बेरजेत मालमत्तेची पद्धत फायद्याची ठरते. ज्याच्या हाती मापे तोच बेरीज ठरवतो. बटलरने १७३६ मध्ये आपल्या ‘ॲनालॉजी’ या ग्रंथाला जोडलेल्या सद्गुणावरच्या निबंधात याचीच धास्ती व्यक्त केली होती: सद्गुण म्हणजे केवळ सुखाची बेरीज वाढवणे असे मानले, तर अन्यायाची आणि हिंसेची अत्यंत धक्कादायक कृत्येही काही प्रसंगी सद्गुणात जमा होतील. बटलर स्वतः या तत्त्वाला जागला नाही, पण त्याला दोषी ठरवताना आपण आधार घेतो तो त्याच्याच तत्त्वाचा. आणि हूकर? ज्याला जगण्याचीच भ्रांत आहे त्याला संतोष शिकवणे हा क्रमभंग आहे, हे त्याने दोनशे वर्षे आधी लिहून ठेवले होते. १७८३ मध्ये बीलबी पोर्टियस या बिशपने त्याच धर्मप्रसारक संस्थेला तिच्या गुलामांच्या हलाखीबद्दल भर प्रवचनात जाब विचारला, तेव्हा त्याला चर्चच्या बाहेरून काही उसने आणावे लागले नाही. संस्थेने त्याची योजना फेटाळली, हा दोष मात्र तत्त्वज्ञानाच्या नव्हे, मळ्यांच्या उत्पन्नाच्या खात्यावर घालावा लागेल.

यानंतरचा एक वाद दोन्ही पक्षांनी एकदा तरी वाचावा. १८३२ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या चॅपेलमध्ये ॲडम सेज्विक या भूगर्भशास्त्रज्ञ पाद्र्याने पेलीच्या नीतिशास्त्रावर उघड हल्ला चढवला आणि तो पुढच्या वर्षी छापला. १८३५ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने त्याला उत्तर दिले, ते तिखट आहे. परंतु त्या उत्तरात मिल पेलीला वाचवायला धावत नाही. पेली हा उपयुक्ततावादाचा योग्य प्रतिनिधी नव्हे, त्याला पाडून आमचे मत पडत नाही, असा त्याचा पवित्रा आहे. पुढे १८४८ मध्ये त्याच कॉलेजचा प्रमुख विल्यम ह्यूवेल याने बटलरची तीन प्रवचने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठी संपादित करून काढली. मिलने चर्चला हरवून सुख इंग्लंडात आणले असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांनी एवढे सांगावे: सेज्विक आणि मिल यांचे जवळजवळ प्रत्येक बाबतीत वाजले असताना, नीतीवर सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पाद्र्याला आपला म्हणायला दोघांपैकी एकही तयार का नव्हता?